आमच्या लेकरांना ओहोटीच्या वेळी समुद्रावर जाऊ द्या : मराठवाड्यातील शिक्षणाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक व माध्यमिक),
मराठवाड्यातील आठही जिल्हा परिषदा

विषय : शैक्षणिक सहलीच्या परवानगीतील समुद्रकिनाऱ्याबाबतच्या अटीचा फेरविचार होणेबाबत.

महोदय / महोदया,

दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या टेबलावर सहलींच्या प्रस्तावांचा गठ्ठा येतो. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, पालकांची संमतीपत्रं, मुलांची यादी, सोबतच्या शिक्षकांची नावं, बसचा तपशील, प्रथमोपचार पेटी असल्याची हमी. कागद पुरे असले की परवानगी मिळते आणि तिच्या मागोमाग अटी येतात. त्यात एक ठरलेली असते: समुद्रकिनारा, नदी, तलाव, उंच कडे अशा जोखमीच्या जागी मुलांना नेऊ नये. मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद प्रशालेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. हे पत्र त्या एका अटीबद्दल आहे. ती काढून टाका असं माझं म्हणणं नाही. ती आज जशी आहे तशी अर्धवट आहे, ती पुरी लिहा, एवढंच मागणं आहे.

अट कुठून आली ते ठाऊक आहे. 1 फेब्रुवारी 2016 ला रायगड जिल्ह्यात मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले 14 विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलीच्या फाइलवर सही करताना कुणाचा हात थबकला तर त्यात नवल नाही. बसमध्ये लेकरं मोजताना माझ्याही पोटात गोळा येतो.

पण त्या अटीनं पुढं झालं काय, तेही बघा. समुद्र सहलीतून गेलाच नाही, फक्त कागदावरून गेला. प्रस्तावात गणपतीपुळे लिहिलं की ते देवस्थान ठरतं आणि परवानगी मिळते. देऊळ तर वाळूला लागूनच आहे. दर्शन झालं, प्रसाद झाला, की दोन बसमधली पोरं चपला हातात घेऊन पाण्याकडे धावतात आणि दोन शिक्षक शिट्ट्या फुंकत मागं पळतात. कागदावर समुद्र नसल्यामुळं त्याची तयारीही नसते. भरती किती वाजता, हे कुणी पाहिलेलं नसतं. कुठपर्यंत जायचं, हे ठरलेलं नसतं. जीवरक्षक आहे का, असला तर कुठं बसतो, याचा पत्ता नसतो. हरिहरेश्वर, कुणकेश्वर, सगळीकडं तीच तऱ्हा. मुलं समुद्रात जातात ती देवदर्शनाच्या परवानगीवर, आणि विज्ञानाची शिक्षिका समुद्राचा धडा म्हणून प्रस्ताव देते तेव्हा तो परत येतो.

कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून सांगतात. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, जे उत्तर येईल तितक्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला समुद्र भरलेला. ठिकाणागणिक तासाभराचा फरक पडतो, पण अंदाज चुकत नाही. आता गणपतीच्या देवळात सहली कोणत्या दिवशी जायला बघतात? चतुर्थीला. दर्शनाची रांग आणि जेवण उरकून पोरं वाळूवर उतरतात ती नेमकी याच वेळेला. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, आणि तीही उधाणाची. म्हणजे सहलीच्या बसची नेहमीची वेळ आणि पाण्याची सगळ्यात वाईट वेळ एकच.

हेच गणित उलट्या बाजूनं वाचा. भरती आणि ओहोटी यांच्यात सहा तासांहून थोडं अधिक अंतर असतं. द्वितीयेला भरती दुपारी दीडला, तर ओहोटी सकाळी सव्वासातच्या आसपास. उजाडलेलं असतं, ऊन चढलेलं नसतं, नुकतंच उधाण होऊन गेल्यामुळं पाणी भरपूर लांब गेलेलं असतं. ओहोटीच्या आधीचा एक तास आणि नंतरचा एक तास खडक उघडे असतात. त्या वेळेला डबक्याशी उकिडवं बसलेल्या मुलाच्या घोट्यापर्यंतही पाणी नसतं. त्याची नजर खाली असते, हातात वही असते, आणि पाण्यात डुंबायला जावं असं त्याला सुचतही नाही, कारण समोर त्याहून मोठी गंमत चाललेली असते. सव्वाआठला शिट्टी वाजली की सगळ्यांनी खडक सोडायचा. जीव सांभाळायचा असेल तर किनारा टाळा असं लिहिण्यापेक्षा किनाऱ्यावर कोणत्या घटकेला जायचं ते लिहिणं जास्त कामाचं आहे.

आता अभ्यासक्रमाचं बोलते. दहावीच्या विज्ञानात प्राण्यांचं वर्गीकरण आहे. रंध्रीय, निडारिया, वलयांकित, संधिपाद, मृदुकाय, कंटकचर्मी. आमच्याकडं गांडूळ आहे, गोगलगाय आहे, विंचू तर नको म्हटलं तरी आहेत. पण कंटकचर्मी संघातला, म्हणजे तारामाशाच्या गटातला, एकही प्राणी गोड्या पाण्यात किंवा जमिनीवर राहत नाही. जगात कुठंच नाही, फक्त समुद्रात. म्हणजे एक अख्खा संघ आमची मुलं डोळ्यांनी न पाहता पाठ करतात. तारामाशाचं चित्र काढतात, पाच टोकं, त्यावर नलिकापाद (नळीसारखे बारीक पाय) अशी बाणाची खूण, दोन गुण. रंध्रीय प्राण्यांची गतही फार वेगळी नाही. स्पंज म्हटलं की आमच्या वर्गात भांडी घासायचा स्पंजच डोळ्यांपुढं येतो.

काही वर्षांपूर्वी एका तुकडीला अलिबागकडं नेण्याचा योग आला. प्रस्तावात कुलाबा किल्ला लिहिला होता, ऐतिहासिक स्थळ म्हणून, आणि तो पाहिलाही. ओहोटीला तिथं वाळूतून चालत जाता येतं, भरती आली की चारही बाजूंनी पाणी. आदल्या दुपारी मुलांनी समुद्र पाहिला तो भरलेला. सकाळी लवकर उठवून नेलं तर समोर नुसती ओली वाळू आणि काळे खडक. एक मुलगा माझ्याकडं वळून घाबऱ्या आवाजात म्हणाला, "मॅडम, पाणी आटलं का वो?" ज्याच्या गावाला फेब्रुवारीत विहीर तळाला जाते आणि मार्चात टँकर सुरू होतो, त्याला दुसरं काय सुचणार? मी त्याला वाळूत काठी रोवून खूण करायला सांगितली. पुढचा तासभर तो पाणी परत येतंय का याच्यावर पहारा देत बसला. पाणी काठीला टेकल्यावर त्यानं मारलेली आरोळी बाकीच्यांनी खडकावरून ऐकली. चंद्र, सूर्य, गुरुत्वाकर्षण हे सगळं मी त्यानंतर सांगितलं, आणि ते ऐकून घेणारा वर्ग मला पहिल्यांदाच मिळाला.

त्या बाजूचा खडक आपलाच आहे, हेही मुलांना तिथंच कळतं. दख्खनचा काळा पाषाण, ज्यात वेरूळची लेणी कोरली, तोच अलिबाग-मुरूडला समुद्रात उतरतो. फरक इतकाच की तिथं त्याच्या प्रत्येक खाचेत कुणीतरी राहतं. कालवं खडकाला चिकटलेली, तीही धारदार. बार्नाकल नावाच्या, खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचधारी जिवांचे बारके पांढरे मनोरे. रिकाम्या शंखात बिऱ्हाड केलेला खेकडा, जो शंख उचलला की आत ओढून घेतो आणि दोन मिनिटं गप्प राहिलं तर हळूच डोळे बाहेर काढतो. आणि डबक्याच्या कडेला समुद्रफूल. त्याला ओल्या बोटानं हलकेच शिवायला सांगितलं, तर बोटाला चिकटल्यासारखं होतं. ते चिकटणं म्हणजे दंशपेशी सुटतात, आपल्या बोटाची कातडी जाड म्हणून काही होत नाही, एखादा इवलासा मासा असता तर जागच्या जागी लुळा पडला असता. हे सांगत होते तेवढ्यात मागून एका पोरानं विचारलं, "मॅडम, मग ह्ये हगतं कुठनं?" सगळे हसले. मी मात्र त्या प्रश्नासाठी वर्षभर थांबले असते. तोंड तेच आणि उत्सर्जनाची वाटही तीच. शरीरात एकच पोकळी आणि तिला एकच दार. आंतरगुही (निडारिया संघाचंच दुसरं नाव) म्हणजे काय, हे सांगायला फळ्यावर माझा अर्धा तास जातो. तिथं एका वाक्यात काम झालं आणि त्या वर्गातलं एकही पोर ते परीक्षेत विसरलं नाही.

वाळूवरचं काम वेगळं. चार काठ्या आणि सुतळी घेऊन एक मीटरची चौकट आखायची, आत काय काय आहे ते मोजायचं. मग पाण्याच्या दिशेनं दहा पावलं जाऊन पुन्हा चौकट. ओहोटीच्या वाळूवर बारक्या गोळ्यांची नक्षी दिसते. ती करणारा खेकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. वाळू तोंडात घ्यायची, तिच्यातलं खाण्यासारखं तेवढं काढून घ्यायचं, उरलेल्या वाळूची गोळी करून मागं टाकायची. पोरी गोळ्या मोजत बसल्या. आमच्या चौकटीत वाळूतला एक तारामासाही निघाला. पुस्तकातल्या चित्रात नलिकापादांना चोषक (चिकटून धरणाऱ्या वाट्या) दाखवलेले असतात, याचे पाय टोकदार होते, कारण त्याला खडकाला धरून राहायचं नसतं, वाळूत शिरायचं असतं. उताणा ठेवला तर शेकडो पाय एकाच वेळी हलायला लागले. त्याला सुलटा केला, तर बघता बघता वाळूत गडप.

आणि पाणी. मराठवाड्यातल्या मुलाला पाण्याचं वेड लावायला काही शिकवावं लागत नाही. आमच्या गावात आरओचा जार विकणारा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, खिशात घेऊन फिरतो, त्यामुळं ते यंत्र मुलांच्या ओळखीचं. गावच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून नेलं होतं. त्यात मीटर बुडवला, आकडा आला. समुद्राच्या पाण्यात बुडवला, तर मीटरनं हातच टेकले, कारण खिशातल्या मीटरची मजल दहा हजारांच्या आतली आणि समुद्राच्या पाण्यात लिटरमागं सुमारे 35 ग्रॅम क्षार. मग एक भाग समुद्राचं पाणी, नऊ भाग शुद्ध पाणी, असं मिसळून मोजलं आणि आलेल्या आकड्याला दहानं गुणलं. विरलन, गुणोत्तर, मापनाची मर्यादा, तिन्ही पाठ एका प्लॅस्टिकच्या मगात उरकले. हा प्रयोग कोणत्याही प्रयोगशाळेत होऊ शकतो, हे मान्य. पण आमच्या प्रयोगशाळेच्या खोलीत सध्या तांदळाची पोती आहेत.

"मॅडम, मराठवाड्याच्या लेकरांना समुद्राचं काय करायचंय? शेवटी त्यांना सोयाबीन आणि कापूसच बघायचा," असं मला एका कार्यालयात ऐकवण्यात आलं होतं. सोयाबीन आणि कापसासाठीच समुद्र बघायचा आहे, साहेब. आपल्याकडचा मोठा पाऊस पुष्कळदा बंगालच्या उपसागरात तयार झालेल्या कमी दाबाच्या क्षेत्रामुळं पडतो. 2025 च्या सप्टेंबरात शेतांतली माती खरडून नेली तो पाऊस टीव्हीवर सगळ्यांनी पाहिला, तो कुठून आला हे किती जणांना सांगता येईल? उलट 2015 साली प्रशांत महासागराचं पाणी तापलं, एल निनोचं वर्ष आलं, आपल्याकडं दुष्काळ पडला आणि 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आपली गोदावरी तर गमतीदारच. त्र्यंबकेश्वरला, अरबी समुद्रापासून जेमतेम 80 किलोमीटरवर उगम पावते आणि त्याकडं पाठ फिरवून 1465 किलोमीटर वाहत पूर्वेला जाते. पैठणच्या, नांदेडच्या घाटावर टाकलेली प्लॅस्टिकची पिशवीही तिच्याबरोबर तिकडंच निघते.

भारताचं महासागर माहिती सेवा केंद्र, ज्याला इन्कॉइस म्हणतात, ते तरी कुठं आहे? हैदराबादला. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. देशाला त्सुनामीचा इशारा 2007 पासून तिथून दिला जातो, मासे कुठं सापडतील याचा अंदाज कोळ्यांना तिथून जातो. नांदेडच्या मुलांना कोकणापेक्षा हैदराबाद जवळ. समुद्राचा अभ्यास करणारा माणूस समुद्राकाठीच जन्मला पाहिजे असा काही नियम नाही.

दुसरा सल्ला असा मिळाला की वर्गात एलईडी आहे, त्यावर दाखवा समुद्र. दाखवते की. माझी त्याच्याशी काही अदावत नाही. पण पडद्यावरचा खेकडा मुलाच्या मनाप्रमाणं थांबत नाही आणि पडद्यावरच्या दगडाखाली काय आहे ते उलटून बघता येत नाही. शिवाय पडद्यावर नेहमी निळंशार पाणी आणि रंगीत प्रवाळ असतं. आमच्या कोकणातलं पाणी मातकट, गढूळ, आणि त्यातच एवढी दुनिया आहे, हे कुठली फिल्म सांगणार?

परवानगी मिळेपर्यंत आम्ही रिकामे बसलेलो नाही. समुद्र आठवडी बाजारात येतो. सुकट, जवळा, सुके बोंबील. मूठभर सुकट घेऊन पाण्यात भिजवली आणि पांढऱ्या ताटलीत पसरली की तास सुरू. जवळ्याचे बारीक पाय, लांब मिशा, काळे टिपके असलेले डोळे हँडलेन्सखाली दिसतात. पाय सांध्यासांध्यांचे, म्हणून संधिपाद. त्याच मुठीत एखादं मत्स्यपिल्लू, खेकड्याची नांगी, शिंपल्याचा तुकडाही सापडतो. तो वेगळा काढून ठेवायचा आणि जाळ्यात नको असलेलं काय काय येतं याची यादी करायची. माळकरी घरातली मुलं असतात, त्यांना हात लावायची सक्ती करत नाही, ती नोंदी घेतात. पहिल्या वर्षी वास शाळाभर पसरला आणि मुख्याध्यापकांनी दोन शब्द सुनावले, तेव्हापासून हा तास झाडाखाली होतो. एवढं झालेली मुलं किनाऱ्यावर गेली तर काय पाहतील याचा विचार करा.

कुठं न्यायचं, हा प्रश्न मोठा नाही. लातूर-नांदेडवरून जाणारा रत्नागिरी-नागपूर महामार्ग आपल्याला सरळ रत्नागिरीला पोचवतो. तिथं कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, मत्स्यालय आणि संग्रहालयासह. जालना आणि छत्रपती संभाजीनगरच्या शाळांना समृद्धी महामार्गानं मुंबई जवळ आली. ऐरोलीला वन विभागाच्या कांदळवन (खारफुटी) कक्षाचं सागरी व किनारी जैवविविधता केंद्र 2017 पासून आहे, ठाणे खाडीतले फ्लेमिंगो तिथून होडीनं दाखवतात, आणि ती होडीही भरती पाहूनच सोडतात. मालवणला तर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, 29.12 चौरस किलोमीटरचं. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 पासून कासवांचं काम उभं केलं. तिथं फेब्रुवारीनंतर ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना बघता येतात आणि मुक्काम गावकऱ्यांच्या घरी होतो. मला विचाराल तर पहिल्या सहलीला कासवं नकोत. तिथं मुलं प्रेक्षक होतात, दोरीच्या मागं उभी राहतात. पहिल्यांदा खडक आणि डबकी, हात ओले होतील असं काम.

आता अटीच्या जागी काय लिहावं. समुद्रकिनाऱ्यावर अभ्याससहल असेल तर प्रस्तावात तारखेशेजारी तिथी आणि त्या ठिकाणच्या भरती-ओहोटीची वेळ लिहिणं बंधनकारक करा. पंचांगातला अंदाज नव्हे, छापील किंवा सरकारी वेळापत्रकातली वेळ. ओहोटीच्या आधी एक तास ते नंतर एक तास, याबाहेर मुलांनी खडकावर नसावं. पोहणं, डुंबणं पूर्ण बंद. पाणी घोट्याच्या वर नाही. एका शिक्षकामागं दहाच मुलं, भले त्यासाठी बस अर्धी न्यावी लागली तरी चालेल. सोबत स्थानिक माणूस हवाच, मग तो जीवरक्षक असो, मच्छीमार सोसायटीतला कुणी असो किंवा वन विभागाचा वाटाड्या. खडकावरून चपलेनं चालता येत नाही, कालवं तळपाय कापून काढतात. पहिली ते आठवीला शासनाकडून मिळणारे बूट-मोजे तिथं खरे कामाला येतील, नववी-दहावीचं मात्र आपल्याला बघावं लागेल. पावसाळ्यात आणि तो संपल्या संपल्या जाऊ नये. ऑगस्ट-सप्टेंबरात किनाऱ्याला डंख मारणारे ब्लू बॉटल आणि जेलीफिश लागतात, वाळूत विषारी काट्याच्या शेपटीचा पाकट मासा असतो.

मुलांसाठी नियम तीनच, आणि ते बसमध्येच पाठ करून घ्यायचे. ओळखीचा नसलेला प्राणी दिसला तर दोन्ही हात पाठीमागं. शंकूसारखा सुंदर शंख तर मुळीच उचलायचा नाही, आतला प्राणी जिवंत असला तर त्याचा डंख विषारी असतो. उलटलेला दगड होता तसाच परत ठेवायचा, नाहीतर खालची वसाहत उन्हानं मरते. आणि घरी काही आणायचं नाही. प्रवाळ, समुद्रघोडे आणि काही शंख 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहेत, शोकेससाठी आणलेला तुकडाही गुन्हा ठरू शकतो.

मुलींचं वेगळं सांगायला हवं, कारण फाइलीत ते कुठंच नसतं. सकाळी सहाला किनाऱ्यावर पोचायचं तर पाचला उठलेल्या चाळीस मुलींना शौचालय कुठं आहे, हे आधी ठरलेलं पाहिजे. सोबत दोन शिक्षिका पाहिजेत, एक पुरत नाही. हे ठरलेलं असलं की आया परवानगी देतात. माझा अनुभव असा की बाप समुद्राला घाबरतो आणि आई मुक्कामाला.

मुक्कामावरही तोडगा आहे आणि तो आपल्या हातातला आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडच्या जिल्हा परिषदांशी बोला. त्यांच्या किनाऱ्यावरच्या शाळेत आमची मुलं दोन रात्री राहतील. त्यांची मुलं हिवाळ्यात आमच्याकडं येतील, वेरूळ बघतील, नाथसागरावरचे पक्षी बघतील, शेतात बसून हुरडा खातील. कोकणातल्या पोरानं ज्वारीचं कणीस हातात धरलेलं नसतं, तोही एक धडाच. लॉजचा खर्च वाचतो आणि भरतीची वेळ सांगणारी पोरं त्याच शाळेत सापडतात.

पैशाचं म्हणाल तर एसटीची सहलीसाठीची निम्मी सवलत आहे, तरी साडेचारशे किलोमीटरचं भाडं मजुराच्या घराला जड जातं. समग्र शिक्षा आणि राष्ट्रीय आविष्कार अभियानातून क्षेत्रभेटींसाठी तरतूद होते. ती बहुतेक वेळा जिल्ह्यातल्या जिल्ह्यात, एका दिवसात, मार्चअखेर घाईघाईनं खर्ची पडते. राज्यातल्या काही जिल्हा परिषदांनी चाचणी घेऊन निवडलेल्या मुलांना इस्रो दाखवून आणलं. त्याचं कौतुकच आहे. पण तिथं जायला पहिल्या पाचात यावं लागतं. मी मागते आहे ती अख्ख्या वर्गाची सहल आहे. वर उल्लेख केलेला पहारेकरी आणि तो प्रश्न विचारणारा, दोघंही कोणत्याच चाचणीतून निवडले गेले नसते.

आणि एक गोष्ट जी सहलीच्या हंगामात आपण सगळेच विसरतो. नोव्हेंबर ते जानेवारीत सहली निघतात तेव्हा बीड-धाराशिवच्या, परभणी-जालन्याच्या कित्येक वर्गांतली मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली असतात. दिवाळीनंतर वर्ग निम्मा होतो आणि उरलेला निम्मा वर्ग सहलीला जातो. यातली बरीच कुटुंबं कोल्हापूर-सांगलीच्या फडावर असतात. म्हणजे समुद्र बघायचा राहून गेलेली मुलं त्या वेळी आमच्या शाळेपेक्षा समुद्राच्या कितीतरी जवळ कोपीत राहत असतात. आमची बस त्यांच्या फडावरून पुढं रत्नागिरीला जाते. वाटेत थांबून, आईबापांची सही घेऊन, आमच्याच पटावरच्या त्या मुलांना दोन दिवसांसाठी बसमध्ये घ्यायला आणि परत सोडायला परवानगी द्यावी, अशी माझी खास विनंती आहे. प्रस्तावाच्या नमुन्यात असा रकाना नाही. तो वाढवावा लागेल.

येत्या हंगामासाठी आमच्या प्रशालेचा प्रस्ताव दिवाळीआधीच केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत आपल्याकडं येईल. तारीख पौर्णिमेनंतरच्या द्वितीया-तृतीयेची असेल. आगारात बस नाही म्हणून ती तारीख चार दिवस पुढं ढकलू नये. चार दिवसांत ओहोटी दहा-अकरा वाजण्यावर जाते, पाणीही फारसं हटत नाही, आणि मग त्या सहलीला अर्थ राहत नाही. बस त्या दिवशी मिळत नसेल तर सरळ पुढच्या पंधरवड्यातली तिथी द्यावी. नकार द्यायचा असेल तर तोही लेखी आणि कारणासह द्यावा, म्हणजे पुढच्या वर्षी त्या कारणाची तयारी करून येता येईल.

कळावे,

आपली विश्वासू,
विज्ञान शिक्षिका,
मराठवाड्यातील एक जिल्हा परिषद प्रशाला

ता.क. : प्रस्तावासोबत टीडीएस मीटर, सुतळी, हँडलेन्स आणि पांढऱ्या ताटल्यांची मागणी जोडत आहे. मीटर एकच पुरेल.